गिरणीची इमारत न पाडता घरं होतील का? आधी तिची रुंदी मोजा

प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. सोलापुरातल्या एका बंद गिरणीच्या आवाराचा तुकडा विकायला निघाला आहे. त्यावर रिंगखात्याची, म्हणजे सूतकताईची, तीन मजली दगडी इमारत, तिला लागून साचेखात्याची, म्हणजे विणकामाची, नॉर्थ लाइट शेड (करवतीच्या दातांसारखं छप्पर, उत्तरेकडे काचा) आणि मागे पडीक रंगखातं. काही कुटुंबांनी मिळून ती जागा घ्यावी आणि इमारत न पाडता आतच राहती घरं करावीत, असा विचार आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: शंभर वर्षांची इमारत टिकेल का, पाडून नवं बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल का, आणि परदेशात हे सर्रास होतं तर मुंबईत का झालं नाही.

जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि वापरबदल हेच माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. इमारत मी पाहिलेली नाही, म्हणून जिथे 'पाहिल्याशिवाय सांगता येत नाही' तिथे तसंच म्हणेन.

'टिकेल का' हे सगळेच आधी विचारतात. वरून येणाऱ्या वजनापुरतं बोलायचं तर त्याचं उत्तर सोपं आहे. राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला २०० किलो भार धरावा असं आपलं मानक सांगतं. कारखान्याच्या मजल्यासाठी हाच आकडा अडीच ते पाच पट असतो. ज्या मजल्याने रिंग मशीनच्या ओळी दिवसरात्र थरथरत पेलल्या, त्याला तुमची कपाटं आणि लग्नाघरचे पाहुणे जड नाहीत. बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब, त्यावर लोखंडी गर्डर, गर्डरांमध्ये विटांच्या बुटक्या कमानी म्हणजे जॅक आर्च, आणि बाहेर दोन-अडीच फुटी चुन्यातली भिंत. छप्पर शाबूत राहिलं असेल तर हे सगळं बहुधा जाग्यावर असतं. छप्पर गेलं असेल आणि दहा-पंधरा पावसाळे आत पडले असतील तर मात्र गोष्ट वेगळी.

खरी अडचण वजनाची नसते, उजेडाची असते. गिरणीची रुंदी आत कोण राहणार यावरून ठरली नव्हती, यंत्रं किती लांब यावरून ठरली होती. सुरुवातीच्या गिरण्या अरुंद होत्या. यंत्रं लांबली तशा इमारती रुंदावल्या, आणि पुढच्या काळातल्या कित्येक तीस मीटर आणि त्याहून रुंद निघतात. खिडकीतून येणारा कामाचा उजेड आत किती शिरतो, याचा आमचा ठोकताळा असा: खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतर. गिरणीच्या खिडक्या उंच असतात, माथा साडेतीन मीटरवर धरा. म्हणजे सात ते पावणेनऊ मीटर. दोन्ही बाजूंनी मिळून सोळा-सतरा मीटर झाले. त्यापलीकडे मधोमध जे उरतं त्याला तुम्ही हॉल म्हणा की बेडरूम, तिथे दुपारी बाराला ट्यूबलाइट लावावी लागणार.

म्हणून माझा पहिला सल्ला: सल्लागार नेमण्याआधी, बिल्डरशी बोलण्याआधी, टेप घेऊन जा आणि इमारतीची आतली रुंदी मोजा. पंधरा-सोळा मीटर निघाली तर नशीबवान आहात. मध्ये वाट, दोन्हीकडे घरं, काम सरळ आहे. वीस-बावीस असेल तर मधल्या काळोख्या पट्ट्यात जिने, लिफ्ट, मोऱ्या, कोठीच्या खोल्या टाकून भागवता येतं, फक्त त्यांच्या हवेसाठी डक्ट काढावे लागतील. पंचवीसच्या वर गेली की दोनच रस्ते उरतात: पोटात चौक कापायचा, नाहीतर तिथे घरं करण्याचा नाद सोडून दुसरा वापर शोधायचा.

चौक कापणं ऐकायला भयंकर वाटतं, पण आपल्या वाड्यांना हे कुणी शिकवायला गेलं नव्हतं. लांबरुंद वास्तू हवी आणि प्रत्येक सोप्याला उजेडही हवा, तर मध्ये आभाळ सोडायचं. गिरणीत ते नंतर करायचं, एवढाच फरक. तीन मजल्यांची उंची साधारण बारा-तेरा मीटर भरते. चौक त्याच्या निम्म्याहून अरुंद केलात तर तळमजल्याला विहिरीत राहिल्यासारखं होईल. म्हणजे प्रत्येक मजल्यावरची सहा-सात मीटर रुंदीची पट्टी तुम्ही स्वतःहून गमावणार. एकत्र घेणाऱ्या कुटुंबांची पहिली भांडणं इथेच होतात, कारण कागदावर ती 'वाया गेलेली' जागा असते. पण ती गेली नाही तर तिच्या दोन्ही अंगांच्या खोल्या राहण्याजोग्या होत नाहीत. राष्ट्रीय इमारत संहिताही राहत्या खोलीला खिडकी-झडपांचं क्षेत्रफळ मागते: उष्ण-कोरड्या हवेत जमिनीच्या किमान एक-दशांश, उष्ण-दमट हवेत एक-षष्ठांश. आणि त्या खिडक्या बाहेरच्या हवेत उघडल्या पाहिजेत, अंधाऱ्या वाटेत नव्हे.

परदेशातली उदाहरणं सगळे दाखवतात, पण ती का जमली हे कोणी सांगत नाही. मँचेस्टरच्या अँकोट्समधल्या मरे मिल्स घ्या. १७९८ पासूनच्या या गिरण्या, आता तिथे फ्लॅट आहेत. त्या मुळातच अरुंद होत्या आणि मधल्या अंगणाभोवती बांधलेल्या होत्या. त्या अंगणात कालव्याच्या होड्या यायच्या. म्हणजे चौक आयता मिळाला. व्हिएन्नात १८९६ ते १८९९ दरम्यान बांधलेल्या चार प्रचंड गॅसटाक्या आहेत, प्रत्येकीचा व्यास साठ मीटरच्या आसपास. २००१ पर्यंत त्यांत घरं झाली, पण जुनी विटांची भिंत फक्त बाहेरचं कवच म्हणून राहिली. आत नवी इमारत, मध्ये मोकळी जागा, आणि जुन्या भिंतीला नव्या खिडक्या. चार टाक्या चार वेगळ्या वास्तुरचनाकारांना दिल्या होत्या, आणि चौघांचीही झुंज उजेडाशीच होती. कोपनहेगनमधल्या बिया साठवायच्या दोन सायलोंचं, म्हणजे उंच गोल टाक्यांचं, तर आणखी गमतीचं. गोल काँक्रीटच्या भिंतींना मोठी भोकं पाडणं परवडणारं नव्हतं, तेव्हा २००५ मध्ये घरं सायलोच्या बाहेरून टांगली आणि पोकळ पोटात जिने-लिफ्ट ठेवले. या तिन्ही ठिकाणी उजेड आत किती खोल जाईल ते आधी मोजलं, मग आराखडा काढला.

आता मुंबई. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला, तिथपासून शहरात गिरण्यांचा एक पट्टाच उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर तो पट्टा पुन्हा सावरला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने सांगितलं की गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणीला फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन उरली. शेड पाडून मोकळी होणारी वाटणीबाहेर गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे रोखलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये मालकांच्या बाजूने कौल दिला. आता तुम्हीच हिशेब करा: जिथे इमारत पाडल्याने मालकाचा वाटा वाढतो, तिथे ती कोण ठेवणार? ज्या थोड्या शेड उरल्या त्यांत ऑफिसं, दुकानं, हॉटेलं आली, कारण त्या वापराला खोल, काळोखी जागा चालते. एसी आणि दिवे लावले की झालं. पुण्यात राजा बहादूर मिलच्या शेडमध्येही आज खाणंपिणंच आहे. नागपूरची १८७७ ची एम्प्रेस मिल गेली आणि जागेवर मॉल नि टॉवर आले. मुंबईकरांना वारशाची कदर नाही, हे स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही. नियमाची गणितं जिकडे ढकलतात तिकडे शहर जातं.

तुमच्या इमारतीकडे वळू. वजनाची काळजी नको म्हणालो, पण भूकंपाची हवी. किल्लारी सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि त्या वेळच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिथल्या भिंती मातीत रचलेल्या होत्या, तुमच्या चुन्यात आहेत, हा मोठा फरक. तरी दुखणं त्याच जातीचं आहे: जाड भिंत आणि मजला एकमेकांना नीट बांधलेले नाहीत. गर्डर भिंतीत नुसता टेकलेला असतो. जमीन हलली की भिंत बाहेर झुकते, गर्डरचं टोक सुटतं आणि कमानी बसतात. उपाय माहितीतले आहेत: गर्डर आणि भिंत यांना लोखंडी पट्ट्यांनी जखडणं, कमानींच्या ओळीत टाय रॉड म्हणजे ताण घेणाऱ्या सळया, वरची जुनी भर काढून सळईचा पातळ काँक्रीट थर, आणि पोकळ झालेल्या भिंतीत चुन्याचं ग्राउट, म्हणजे आत भरायचं पातळ मिश्रण. सिमेंटचं नको. चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंट प्लास्टर चोपडलं की आतली ओल आतच कोंडते आणि पाच-सात वर्षांत दगडाचे पोपडे निघायला लागतात.

बिडाच्या खांबांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे फसगत होते. बीड दाबाला पहाडासारखं, पण ताणाला आणि धक्क्याला ठिसूळ. त्याला साध्या वेल्डिंगने काही जोडायला जाऊ नका, तडा जातो, क्लॅम्प वापरा. नॉर्थ लाइट शेडमधले खांब पुष्कळदा पोकळ असतात, आणि छपराच्या पन्हाळीतलं पावसाचं पाणी त्या पोकळीतूनच खाली गटारात सोडलेलं असतं. बाहेरून खांब रंगवलेला, ठणठणीत. आतून शंभर पावसाळ्यांनी खाल्लेला. खांबाच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तांबूस डागांची रेघ दिसली तर तिथे थांबा. जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळतं, त्याने चारही बाजूंनी मोजायला सांगा, कारण ओतकामातच एक बाजू जाड, एक पातळ राहिलेली असते. जाडी पुरेशी निघाली तरी पावसाचं पाणी खांबातून काढून वेगळ्या पाइपात न्या.

पाणी हाच घरांचा दुसरा मोठा प्रश्न. गिरणीत शेकडो माणसं होती, पण मोऱ्या एका कोपऱ्यात. घरं केली की मजल्या-मजल्यावर न्हाणीघरं, स्वयंपाकघरं, वॉशिंग मशीन. जॅक आर्चच्या मजल्यावर न्हाणीघर टाकलं आणि वॉटरप्रूफिंगने दगा दिला, तर पाणी थेट गर्डरच्या खालच्या पट्टीवर येतं. लोखंड गंजलं की फुगतं आणि शेजारच्या विटा ढकलतं. खालच्या घराच्या छतात गर्डरच्या रेषेत सरळ भेग दिसू लागते. ती भेग दिसते तेव्हा नुकसान बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून शक्य तिथे मी सगळी ओली कामं जुन्या मजल्यावर ठेवतच नाही. चौक कापतोच आहोत तर त्याच्या कडेने स्वतःच्या पायावर उभा असा नवा काँक्रीटचा सांगाडा उभारायचा आणि न्हाणीघरं, पाइप, लिफ्ट सगळं त्यात घालायचं. गळलं तर नव्या भागात गळतं, दुरुस्ती सोपी पडते. शिवाय नीट बांधला तर हाच सांगाडा भूकंपात जुन्या इमारतीला आधार देऊ शकतो. जोड कसा द्यायचा ते मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. अर्धवट जोडलेलं नवं-जुनं एकमेकांवर आपटतं.

शेडचं काय करायचं? नॉर्थ लाइट छप्पर हे विलायतेत जन्मलेलं. तिथे उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही, नुसता थंड, एकसारखा उजेड येतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो, आणि उन्हाळ्यातलं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही त्याच काचांतून येतं. म्हणजे ऐन तापलेल्या दिवसांत हे छप्पर ऊन आत घेतं. साचेखात्यात सुतासाठी दमट हवा मुद्दाम राखली जायची, माणसांनी ती सोसली; घरात कोण सोसेल? माझ्या मते शेडमध्ये फ्लॅट काढू नयेत. खांबांची जाळी ठेवून, काही ओळींचं छप्पर उतरवून तिथे अंगणं करायची, उरलेल्या छपराखाली एकमजली किंवा पोटमाळ्याची बैठी घरं. काचांना बाहेरून झडपा आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर. किंवा सरळ पार्किंग, सभागृह, पाळणाघर तिथे न्या आणि घरं मुख्य इमारतीतच ठेवा.

रंगखातं मला सर्वांत जास्त खटकतं. रंगांतले जड धातू, बॉयलरची राख, ट्रान्सफॉर्मरचं तेल हे सगळं जमिनीत मुरलेलं असतं, आणि आवारातली विहीर असेल तर तिच्यातही. माती आणि पाणी दोन्ही तपासून घेतल्याशिवाय त्या भागात मुलांची बाग वगैरे आखू नका. जुने सिमेंटचे पत्रे आणि वाफेच्या पाइपांवरचं पांढरं लेपण यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. लेपण कोरडं खरवडायचं नाही. ओलं करून, मास्क लावून, पिशव्यांत बंद करून जाणकारांकडूनच काढून घ्यायचं. मजल्यावर लाकडी फळ्या असतील तर वास घेऊन बघा. यंत्रांचं तेल प्यालेली फळी साफ होत नाही आणि आगीत मशालीसारखी पेटते. ती काढावीच लागते.

आगीचं निघालंच आहे तर: महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे आणि वापर बदलला की अग्निशमन विभागाचा नाहरकत दाखला नव्याने लागतो. गिरणीला बहुधा एकच मोठा जिना असतो. दुसरा द्यावा लागेल, तोही त्या नव्या सांगाड्यात बसतो. बिडाचे खांब आगीत तापतात आणि बंबाचं गार पाणी पडलं की तडकतात, म्हणून त्यांना उष्णतेने फुगणारा संरक्षक रंग हवा. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत चौदा जण गेले. तिथे घरं नव्हती, गच्चीवरची उपाहारगृहं होती, पण जुन्या आवारात तुकड्या-तुकड्याने वापर घुसवत गेलं की सुटकेच्या वाटा कशा बंद होतात ते त्यातून कळतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: रुंदी जमली, छप्पर शाबूत असलं आणि खांब आतून सडलेले नसले, तर रिंगखात्याच्या इमारतीत घरं होऊ शकतात. शेडमध्ये फ्लॅट नकोत. रंगखात्याचा निर्णय माती तपासल्यावर.

आता पैसा आणि कागद. स्वस्त पडेल का? पाया, भिंती आणि मजल्यांचा खर्च वाचतो हे खरं. मजबुतीकरण, नवे जिने आणि पाइपांचं जाळं यांत तो बराचसा परत जातो. शिवाय भिंत उघडल्यावर काय निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून अंदाजपत्रकाच्या पाव हिस्सा मी नेहमी अकल्पितासाठी बाजूला ठेवायला लावतो. पण खरा खर्च या पत्रकात दिसतच नाही. नियमाने त्या प्लॉटवर जितकं बांधता येतं आणि उभ्या इमारतीत जितकं आहे, त्यातला फरक म्हणजे तुम्ही सोडून देत असलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क. जमिनीचा मालक किंमत मागेल ती पूर्ण एफएसआय धरूनच. इमारत वारसा यादीत असेल तर न वापरलेल्या एफएसआयच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे. यादीत नसेल तर हा दिलासा नाही. प्लॉटमध्ये मोकळी जागा असेल तर उरलेला एफएसआय वापरून तिथे एक नवी इमारत उभी करा आणि जुनीचं गणित तिच्यावर तोला. मला माहीत असलेल्या बहुतेक प्रकल्पांत हाच मार्ग पैशाला जमला.

कागदांत चार गोष्टी आधी पाहा. मिळकत पत्रिकेवर जमीन खरी मालकीची आहे की सरकारी भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग दोनची (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), कारण गिरण्यांना जमिनी अनेकदा अटींवर मिळालेल्या असतात. गिरणी अवसायनात गेली असेल, म्हणजे देणी भागवण्यासाठी कंपनी मोडीत काढली असेल, तर कामगारांची देणी आणि बँकांचे बोजे मिटले आहेत का, ते कागदोपत्री पाहा, तोंडी नको. विकास आराखड्यात जागा औद्योगिक पट्ट्यात असेल तर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे निवासी वापराची परवानगी घ्यावी लागेल आणि त्यासाठी सुविधा क्षेत्र सोडावं लागू शकतं. किती, ते प्लॉटच्या आकारावर. आणि चौथं, गृहकर्ज. शंभर वर्षांच्या इमारतीतल्या घरावर कर्ज द्यायला बँका कचरतात. स्ट्रक्चरल ऑडिट, मजबुतीकरणाचं प्रमाणपत्र आणि शेवटी नवा भोगवटा दाखला मिळणार आहे हे जागेचा इसार देण्यापूर्वीच बँकेला दाखवा आणि तिचं म्हणणं लेखी घ्या. तुमच्यातली निम्मी कुटुंबं कर्जावर अवलंबून असतील तर सगळा बेत या एका पत्रावर अडतो.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे तेही सांगतो. आधी टेप, म्हणजे फुकट. मग जागेच्या मालकीबद्दल वकिलाचा शोध अहवाल. मग माती-पाण्याची तपासणी आणि खांबांची जाडी. पूर्ण स्ट्रक्चरल ऑडिट आणि आराखडे त्यानंतर. बहुतेक लोक आराखड्यांपासून सुरू करतात, कारण रंगीत चित्रं बघायला बरी वाटतात. रुंदी, खिडकीच्या माथ्याची उंची, खांबांमधलं अंतर आणि एखाद्या गर्डरच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो एवढं पाठवलंत तर चौक लागेल की नाही, आणि लागला तर कोणत्या खांबांच्या ओळीत कापायचा, ते सांगता येईल.